शेतकरी उत्पादक कंपनीची वित्तीय विवरणे

शेतकरी उत्पादक कंपनीची वित्तीय विवरणे म्हणजे शेतकरी सभासदांच्या मालकीच्या कंपनीची एका आर्थिक वर्षातील आर्थिक स्थिती, नफा-तोटा आणि पैशाची आवक-जावक दाखवणारी अधिकृत पत्रके होत. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह पत्रक आणि त्यांना जोडलेल्या टिपा यांचा त्यांत समावेश होतो. कंपनीने भांडवल कोठून उभे केले, ते कशात गुंतवले आणि मिळालेल्या परताव्याची वाटणी कशी केली, हे तीन प्रश्न कंपनी वित्तव्यवस्थापनाच्या मुळाशी असतात. त्यांची उत्तरे याच पत्रकांतून मिळतात.

मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यासारख्या भागात सोयाबीन, कापूस, तूर व हरभरा ही पिके मोजक्या महिन्यांत बाजारात येतात. तेथील उत्पादक कंपनीचा बहुतेक व्यवहार हंगामी असतो. अशा कंपनीला कागदोपत्री नफा होऊनही शेतकऱ्यांचे पैसे वेळेवर चुकवता येत नाहीत, असे घडू शकते. त्यामुळे नफा आणि रोख रक्कम यांतील फरक समजून घेणे सभासदांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरते.

## पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यात परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा असे नऊ तालुके आहेत. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत कापूस आणि ज्वारी ही पिके पूर्वापार घेतली जातात. अलीकडच्या दशकांत सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक झाले आहे. सेलू आणि मानवत या कापसाच्या जुन्या बाजारपेठा आहेत. परभणी येथील कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली झाली. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ते आता ओळखले जाते. या विद्यापीठाने विकसित केलेल्या 'एमएयूएस ७१' सारख्या सोयाबीनच्या वाणांमुळे बीजोत्पादन हाही परिसरातील शेतकरी गटांना उपलब्ध असलेला एक व्यवसाय आहे.

महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन व्यवसाय करण्याचा प्रमुख मार्ग दीर्घकाळ सहकारी संस्था हाच होता. सहकाराची लोकशाही तत्त्वे आणि कंपनीची व्यावसायिक रचना यांची सांगड घालावी, या हेतूने अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शिफारशी केल्या. त्यानुसार २००२ च्या दुरुस्तीने १९५६ च्या कंपनी अधिनियमात 'उत्पादक कंपनी' हा नवा भाग घालण्यात आला व तो २००३ मध्ये अमलात आला. पुढे २०२० च्या दुरुस्तीने या तरतुदी २०१३ च्या कंपनी अधिनियमात प्रकरण २१-क म्हणून समाविष्ट झाल्या.

केंद्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० रोजी १०,००० शेतकरी उत्पादक संघटना स्थापन करण्याच्या योजनेचा प्रारंभ केला. या योजनेत मैदानी भागातील संघटनेसाठी किमान ३०० सभासदांची अट ठेवण्यात आली. प्रति सभासद कमाल २,००० रुपये व प्रति संघटना कमाल १५ लाख रुपये इतके समभाग अनुदान, तसेच तीन वर्षांसाठी कमाल १८ लाख रुपये व्यवस्थापन खर्च देण्याची तरतूद त्यात आहे. राज्यात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात परभणी जिल्ह्याचा समावेश होता. शेतकरी उत्पादक कंपन्यांना साहाय्य देणे हा त्या प्रकल्पाचाही एक घटक होता.

## कायदेशीर चौकट

दहा किंवा अधिक उत्पादक व्यक्तींना, अथवा दोन किंवा अधिक उत्पादक संस्थांना, उत्पादक कंपनी स्थापन करता येते. वित्तीय विवरणे समजून घेताना तिची पुढील वैशिष्ट्ये लक्षात ठेवावी लागतात.

* भागभांडवल केवळ समभागांचे असते.
* सर्व सभासद व्यक्ती असतील तर कितीही समभाग असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत असते.
* समभाग शेअर बाजारात विकता येत नाहीत. संचालक मंडळाच्या मान्यतेने ते दर्शनी किमतीला हस्तांतरित होतात.
* संचालकांची संख्या किमान पाच व कमाल पंधरा असते.
* दैनंदिन कारभारासाठी पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो आणि तो सभासदांपैकी नसावा लागतो.
* दरवर्षी सर्वसाधारण राखीव निधी राखणे बंधनकारक असते.

सर्वसाधारण कंपनीत भागधारकांच्या संपत्तीचे बाजारमूल्य वाढवणे हे वित्तव्यवस्थापनाचे उद्दिष्ट मानले जाते. उत्पादक कंपनीच्या समभागाला बाजारभावच नसतो. त्यामुळे येथे हे उद्दिष्ट वेगळ्या स्वरूपात येते. सभासदाला शेतमालाची चांगली किंमत, स्वस्त निविष्ठा आणि त्याच्या भांडवलाची सुरक्षितता मिळवून देणे हे कंपनीचे मुख्य काम ठरते.

## वित्तव्यवस्थापनाची मूलतत्त्वे

### भांडवलाची उभारणी

कंपनीचे भांडवल दोन प्रकारचे असते. सभासदांचे समभाग व साठवलेला नफा हे स्वनिधी होत. बँका, वित्तसंस्था व पुरवठादार यांची देणी हे परकीय भांडवल होय. स्वनिधीवर ठरावीक तारखेला काहीच द्यावे लागत नाही, म्हणून तोट्याच्या वर्षात तोच आधार ठरतो. कर्जावरील व्याज मात्र हंगाम बुडाला तरी द्यावे लागते. कर्ज आणि स्वनिधी यांच्या परस्पर प्रमाणाला 'भांडवल रचना' म्हणतात.

केंद्रीय योजनेतील समभाग अनुदान सभासदांनी स्वतः भरलेल्या भागभांडवलाच्या तुलनेत मिळते. सभासदांचे भांडवल मोठे असेल तर अनुदान वाढते आणि बँकेकडून कर्ज मिळण्याची क्षमताही वाढते. भागभांडवल अल्प असलेल्या कंपनीला या दोन्ही बाबतींत मर्यादा येतात.

### पैशाचे कालमूल्य व गुंतवणूक निर्णय

आज हाती असलेल्या एका रुपयाचे मूल्य वर्षानंतर मिळणाऱ्या एका रुपयापेक्षा अधिक असते, हे वित्तशास्त्राचे मूलभूत तत्त्व आहे. यंत्रसामग्री घेताना भविष्यात मिळणारी रक्कम आजच्या मूल्यात बदलून, म्हणजे तिला योग्य सूट लावून, खर्चाशी ताडून पाहावी लागते. या तुलनेतून उरणाऱ्या रकमेला 'निव्वळ वर्तमान मूल्य' म्हणतात.

उदाहरणार्थ, धान्य स्वच्छता व प्रतवारीचे यंत्र २० लाख रुपयांना मिळते आणि त्यापासून पाच वर्षे दरसाल ५.५ लाख रुपये निव्वळ रोख मिळण्याचा अंदाज आहे असे मानू. साधी बेरीज २७.५ लाख होते व ७.५ लाखांचा फायदा दिसतो. परंतु भांडवलाचा खर्च १२ टक्के धरल्यास या पाच हप्त्यांचे आजचे मूल्य सुमारे १९.८ लाख रुपयेच भरते. म्हणजे ही गुंतवणूक आपला खर्चही पुरता भरून काढत नाही. अनुदान मिळाल्यास कंपनीचा स्वतःचा खर्च कमी होऊन उत्तर बदलते. मात्र यंत्राला वर्षभर पुरेसा माल मिळेल का, हा प्रश्न अनुदानानंतरही शिल्लक राहतो.

### खेळते भांडवल

रोजच्या व्यवहारासाठी लागणाऱ्या निधीला खेळते भांडवल म्हणतात. सोयाबीनची काढणी साधारणतः सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये होते. कापसाची वेचणी त्यानंतर काही महिने चालते. हिवाळ्यात तूर येते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा येतो. खरेदीसाठी लागणारा पैसा अशा प्रकारे वर्षाच्या उत्तरार्धात एकवटतो. बियाणे आणि खतांच्या विक्रीसाठी लागणारा निधी मात्र मे-जूनमध्ये, मृगाच्या पेरणीपूर्वी उभा करावा लागतो.

काढणीच्या वेळी शेतकऱ्यालाही पैशाची निकड असते. दिवाळी, रब्बीची पेरणी आणि पीककर्जाची परतफेड हे खर्च एकापाठोपाठ येतात. कंपनीने थोडा अधिक दर देऊ केला, परंतु पैसे दोन महिन्यांनी दिले, तर सभासद रोख पैसे मोजणाऱ्या व्यापाऱ्याकडे वळतो. म्हणून खेळत्या भांडवलाची टंचाई पुढे सभासदांच्या विश्वासाचा प्रश्न बनते.

साठ्यात अडकलेला पैसा काही प्रमाणात मोकळा करण्यासाठी गोदाम पावतीवर तारण कर्ज घेता येते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतकऱ्यांसाठी राबवली जाते. तीत सोयाबीन, तूर, हरभरा अशा शेतमालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांसाठी कर्ज देण्याची सोय आहे. तारण कर्ज माल गोदामात असेपर्यंतच उपयोगी पडते. माल विकला गेला आणि खरेदीदाराने पैसे थकवले, तर त्या काळाची सोय निराळी करावी लागते.

## लेखांकनाची तत्त्वे

प्रत्येक व्यवहाराची दोन बाजूंनी नोंद करणे ही द्विनोंदी पद्धत होय. इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन केले. मराठी व्यापारी परंपरेतही जमाखर्च ठेवण्याची स्वतंत्र पद्धत होती. रोजच्या नोंदींची 'कीर्द', खातेवार नोंदींची 'खतावणी' आणि शिलकांचा मेळ घालणारी 'तेरीज' हे शब्द आजच्या लेखांकनातही वापरले जातात.

कंपनी अधिनियमानुसार लेखापुस्तके द्विनोंदी पद्धतीने आणि उपार्जन तत्त्वावर ठेवावी लागतात व ती किमान आठ वर्षे जतन करावी लागतात. उपार्जन तत्त्व म्हणजे पैसे हाती आले किंवा गेले त्या दिवशी नव्हे, तर उत्पन्न कमावले किंवा खर्च झाला त्या वर्षी त्याची नोंद करणे. ३१ मार्चपूर्वी माल विकून बीजक दिले असेल, तर पैसे मे महिन्यात आले तरी ती विक्री जुन्याच वर्षात धरली जाते. नफा आणि रोख यांतील तफावतीचे मूळ या तत्त्वात आहे.

सावधगिरीच्या तत्त्वानुसार शिल्लक मालाचे मूल्य त्याचा खरेदी खर्च आणि विक्रीतून निव्वळ मिळू शकणारी रक्कम यांपैकी जे कमी असेल त्यावर धरतात. यंत्रे व इमारती यांचा खर्च एकाच वर्षात न दाखवता त्यांच्या उपयुक्त आयुष्यावर विभागतात. त्या वार्षिक हिश्श्याला घसारा म्हणतात. घसारा हा खर्च असला तरी त्या वर्षी त्यासाठी रोख रक्कम बाहेर जात नाही.

## वित्तीय विवरणांचे स्वरूप

पुढील आकडे एका काल्पनिक कंपनीचे असून केवळ स्पष्टीकरणासाठी दिले आहेत. कंपनीचे ५०० सभासद आहेत. सभासदांचे १० लाख व समभाग अनुदानाचे १० लाख मिळून भागभांडवल २० लाख रुपये आहे. वर्षाच्या आरंभी राखीव निधी २ लाख, यंत्रासाठी घेतलेले मुदत कर्ज १२ लाख, यंत्रसामग्री २० लाख व रोख शिल्लक १४ लाख रुपये होती. वर्षात कंपनीने सभासदांकडून ४,००० क्विंटल सोयाबीन प्रति क्विंटल ४,५०० रुपयांनी घेतले. त्यांपैकी ३,००० क्विंटल ५,००० रुपयांनी विकले आणि १,००० क्विंटल गोदामात राहिले. सोपेपणासाठी कराचा विचार केलेला नाही.

### नफा-तोटा पत्रक

हे पत्रक १ एप्रिल ते ३१ मार्च या कालावधीतील उत्पन्न आणि खर्च दाखवते.

| तपशील | लाख रुपये |
|---|---|
| विक्री (३,००० क्विंटल) | १५०.० |
| विकलेल्या मालाचा खरेदी खर्च | १३५.० |
| ढोबळ नफा | १५.० |
| हाताळणी, वाहतूक व गोदाम भाडे | ३.५ |
| पगार व कार्यालयीन खर्च | ३.५ |
| घसारा | २.० |
| व्याज | ३.० |
| निव्वळ नफा | ३.० |

खरेदी १८० लाखांची झाली असली तरी खर्चात १३५ लाखच दिसतात. उरलेला ४५ लाखांचा माल विकला गेलेला नाही, म्हणून तो ताळेबंदात मालमत्ता म्हणून राहतो.

शासनाच्या हमीभाव खरेदीत अभिकर्ता म्हणून काम करणाऱ्या कंपनीचे पत्रक वेगळे दिसते. तेथे माल कंपनीच्या मालकीचा होत नाही. त्यामुळे मालाची संपूर्ण किंमत विक्री म्हणून न दाखवता केवळ मिळालेले कमिशन उत्पन्नात धरले जाते.

### ताळेबंद

ताळेबंद एका विशिष्ट दिवसाची स्थिती दाखवतो. मालमत्तेची बेरीज नेहमी स्वनिधी आणि देणी यांच्या बेरजेइतकी असते.

| स्वनिधी व देणी | लाख रुपये | मालमत्ता | लाख रुपये |
|---|---|---|---|
| भागभांडवल | २० | यंत्रसामग्री (घसारा वजा जाता) | १८ |
| राखीव निधी व शिल्लक नफा | ५ | शिल्लक माल | ४५ |
| मुदत कर्ज | ९ | खरेदीदारांकडून येणे | ४० |
| खेळत्या भांडवलाचे कर्ज | ५६ | रोख व बँक शिल्लक | २ |
| सभासदांचे देणे | १५ | | |
| एकूण | १०५ | एकूण | १०५ |

३१ मार्च ही तारीख खरीप व रब्बीच्या खरेदीनंतर लगेच येते. त्यामुळे शेतमाल खरेदी करणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदात त्या दिवशी साठा, येणी आणि कर्ज ही तिन्ही मोठी दिसण्याचा संभव असतो. तीच कंपनी सप्टेंबरमध्ये, नव्या हंगामापूर्वी, बरीच वेगळी दिसू शकते. बीजोत्पादन करणाऱ्या कंपनीकडे मार्चअखेर मोठा साठा असणे स्वाभाविक आहे, कारण ऑक्टोबरमध्ये घेतलेले बियाणे पुढील जूनच्या पेरणीपर्यंत सांभाळावे लागते.

### रोख प्रवाह पत्रक

प्रत्यक्ष पैसा कोठून आला व कोठे गेला हे या पत्रकात दिसते. त्याचे तीन विभाग असतात: कामकाज, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा. उदाहरणातील कंपनीने वर्षात नवी यंत्रसामग्री घेतलेली नाही, म्हणून गुंतवणुकीचा विभाग रिकामा आहे.

| तपशील | लाख रुपये |
|---|---|
| निव्वळ नफा | ३ |
| अधिक: घसारा | २ |
| अधिक: व्याज (खाली स्वतंत्र दाखवले आहे) | ३ |
| वजा: साठ्यातील वाढ | (४५) |
| वजा: येण्यांतील वाढ | (४०) |
| अधिक: सभासदांच्या देण्यातील वाढ | १५ |
| कामकाजातून रोख | (६२) |
| खेळत्या भांडवलाचे कर्ज मिळाले | ५६ |
| मुदत कर्जाची परतफेड | (३) |
| व्याज दिले | (३) |
| वर्षातील रोख रकमेतील बदल | (१२) |
| आरंभीची शिल्लक | १४ |
| अखेरची शिल्लक | २ |

कंसातील आकडे ऋण आहेत.

तिन्ही पत्रके एकत्र वाचल्यावरच चित्र पूर्ण होते. कंपनीला ३ लाखांचा नफा झाला आहे. त्याच वेळी कामकाजात ६२ लाख रुपये अडकले आहेत, शिल्लक १४ लाखांवरून २ लाखांवर आली आहे आणि सभासदांचे १५ लाख रुपये देणे बाकी आहे. हे देणे केव्हा फिटेल, हे खरेदीदाराकडील ४० लाख केव्हा येतात आणि उरलेला साठा कोणत्या दराने विकला जातो यावर अवलंबून आहे.

कंपनी अधिनियमाने लहान कंपन्यांना रोख प्रवाह पत्रक देण्यातून सूट दिली आहे. ठरावीक मर्यादेतील उत्पादक कंपनीलाही ही सूट लागू होऊ शकते. त्यामुळे हंगामी कंपनीच्या सभासदांना ज्या पत्रकाची गरज सर्वाधिक असते, तेच वार्षिक अहवालात नसण्याची शक्यता राहते. मात्र लागोपाठच्या दोन वर्षांचे ताळेबंद व नफा-तोटा पत्रक हाती असल्यास वरील रीतीने ते ढोबळ मानाने तयार करता येते.

### टिपा

विवरणांना जोडलेल्या टिपांमध्ये लेखांकन धोरणे, कर्जाच्या अटी, तारण ठेवलेली मालमत्ता, येण्यांचा कालावधी, संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार आणि संभाव्य देणी यांचा तपशील असतो. संचालक किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या फर्मशी झालेले खरेदी-विक्रीचे व्यवहार सभासदांना येथे पाहता येतात.

## विश्लेषण व गुणोत्तरे

वरील उदाहरणावरून काढलेली काही प्रमुख गुणोत्तरे पुढीलप्रमाणे आहेत.

* ढोबळ नफ्याचे प्रमाण: १५ ÷ १५०, म्हणजे १० टक्के.
* निव्वळ नफ्याचे प्रमाण: ३ ÷ १५०, म्हणजे २ टक्के.
* कर्ज व स्वनिधी यांचे प्रमाण: ६५ ÷ २५, म्हणजे २.६. प्रत्येक रुपया स्वनिधीमागे २ रुपये ६० पैसे कर्ज आहे.
* चालू गुणोत्तर: चालू मालमत्ता ८७ लाख. पुढील वर्षी मुदत कर्जाचा ३ लाखांचा हप्ता देय धरल्यास चालू देणी ७४ लाख. गुणोत्तर सुमारे १.१८.
* व्याज पेलण्याची क्षमता: व्याजपूर्व नफा ६ लाख ÷ व्याज ३ लाख, म्हणजे २ पट.
* रोख चक्र: साठा सुमारे १२२ दिवसांचा, येणी सुमारे ९७ दिवसांची व देणी सुमारे ३० दिवसांची. म्हणजे एक रुपया खरेदीत घातल्यापासून परत येईपर्यंत सुमारे १८९ दिवस.

चालू गुणोत्तर एकापेक्षा अधिक असले तरी चालू मालमत्तेतील निम्म्याहून अधिक रक्कम न विकलेल्या सोयाबीनची आहे. या सोयाबीनचा भाव ३१ मार्चच्या सुमारास ४,२०० रुपयांवर आला, तर सावधगिरीच्या तत्त्वानुसार प्रति क्विंटल ३०० रुपयांप्रमाणे १,००० क्विंटलवर ३ लाख रुपयांची घट दाखवावी लागेल आणि वर्षाचा संपूर्ण नफा नाहीसा होईल.

भावातील असे चढ-उतार प्रत्यक्षातही मोठे असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील काही बाजारांत सोयाबीनचे दर क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात पोचले होते. २०२४ च्या हंगामात मात्र अनेक बाजारांत ते ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली राहिले. भाव वाढेल या अपेक्षेने कर्ज काढून साठा धरणे हा म्हणून जोखमीचा निर्णय ठरतो. त्यात गोदाम भाडे, व्याज आणि वजनातील घट हे खर्च भाववाढीतून आधी भरून निघावे लागतात.

## नफा आणि सभासदांचा लाभ

उत्पादक कंपनीत सभासद हाच मालक आणि बहुधा तोच पुरवठादारही असतो. त्यामुळे नफ्याचा आकडा कंपनीने सभासदाला दिलेल्या दरावर अवलंबून राहतो. वरील कंपनीने खरेदीचा दर ४,५०० ऐवजी ४,६०० ठेवला असता, तर विकलेल्या ३,००० क्विंटलवर खर्च ३ लाखांनी वाढून नफा शून्य झाला असता. सभासदांना मात्र ४,००० क्विंटलवर ४ लाख रुपये अधिक मिळाले असते. म्हणून नफा कमी असलेली कंपनी सभासदांसाठी कमी उपयोगाची आहे, असा निष्कर्ष थेट काढता येत नाही. उलट बाजूने पाहता, सर्व लाभ दरातच देणाऱ्या कंपनीकडे राखीव निधी साचत नाही, कर्जाची गरज वाढते आणि भाव घसरलेल्या वर्षात तिला आधार राहत नाही.

या दोन गरजांचा मेळ घालण्यासाठी कायद्यात तीन साधने दिली आहेत.

1. रोखून ठेवलेली किंमत: मालाच्या देय किमतीचा काही भाग कंपनी राखून ठेवते आणि संचालक मंडळ ठरवील त्याप्रमाणे नंतर रोख किंवा समभागांच्या रूपाने देते.
2. मर्यादित परतावा: भागभांडवलावर नियमावलीत ठरवलेल्या कमाल मर्यादेपर्यंत लाभांश देता येतो.
3. व्यवहारानुसार बोनस: मर्यादित परतावा व राखीव निधी यांची तरतूद केल्यावर उरलेले आधिक्य सभासदांनी कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात वाटता येते. अधिक माल देणाऱ्याला अधिक बोनस मिळतो. समभागांची संख्या येथे निर्णायक नसते.

## लेखापरीक्षण व सभासदांचे अधिकार

कंपनीची वित्तीय विवरणे सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावी लागतात. उत्पादक कंपनीला याखेरीज सनदी लेखापालामार्फत अंतर्गत लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते. विवरणे सत्य व वाजवी चित्र दाखवतात की नाही, याविषयी लेखापरीक्षक आपले मत देतो. हे मत निर्दोष, सशर्त किंवा प्रतिकूल असू शकते. पुरेसा पुरावा न मिळाल्यास लेखापरीक्षक मत देण्यास नकारही देऊ शकतो. निर्दोष मत म्हणजे कंपनी उत्तम चालल्याची ग्वाही नव्हे. लेखे नियमानुसार व योग्य रीतीने मांडले आहेत, एवढाच त्याचा अर्थ असतो. वरील उदाहरणातील रोकड टंचाई असलेल्या कंपनीलाही निर्दोष मत मिळू शकते.

वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना किमान १४ दिवस आधी द्यावी लागते आणि तिच्यासोबत तपासलेला ताळेबंद व नफा-तोटा पत्रक सभासदांना पाठवावे लागते. नियमावलीत अधिक संख्या सांगितलेली नसेल, तर एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश उपस्थितीने गणपूर्ती होते. सभेत स्वीकारलेली विवरणे ठरावीक मुदतीत कंपनी निबंधकाकडे दाखल करावी लागतात.

सभेपूर्वी मिळालेल्या पत्रकांवरून सामान्य सभासदाला पुढील बाबी तपासता येतात.

* मागील वर्षाच्या तुलनेत रोख शिल्लक वाढली की घटली?
* येणे रकमेपैकी किती रक्कम सहा महिन्यांहून जुनी आहे आणि ती कोणाकडे आहे?
* शिल्लक साठा कोणत्या दराने धरला आहे व आजचा बाजारभाव काय आहे?
* सभासदांचे थकलेले देणे किती आहे?
* अनुदान वगळल्यास कंपनी स्वतःच्या व्यवसायावर खर्च भागवते का?

यांपैकी शेवटचा प्रश्न नव्या कंपन्यांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. व्यवस्थापन खर्चासाठी मिळणारे शासकीय साहाय्य ठरावीक मुदतीचे असते. ती मुदत संपल्यावर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार, कार्यालय व लेखापरीक्षण यांचा खर्च ढोबळ नफ्यातूनच करावा लागतो.

## मर्यादा

वित्तीय विवरणे झालेल्या व्यवहारांची नोंद करतात, त्यामुळे येत्या हंगामातील पाऊस, भाव किंवा पिकाचे नुकसान यांचा अंदाज त्यांतून मिळत नाही. सभासदांचा विश्वास, संचालकांचा अनुभव, विद्यापीठाशी किंवा खरेदीदारांशी असलेले संबंध यांना ताळेबंदात स्थान नसते. वर्षअखेरच्या एका दिवसाची स्थिती हंगामी व्यवसायात फसवी ठरू शकते, म्हणून मासिक रोख अंदाजपत्रकाची जोड देणे उपयुक्त ठरते. गुणोत्तरांची तुलनाही समान व्यवसाय आणि समान हंगाम असलेल्या कंपन्यांमध्येच अर्थपूर्ण होते. कापूस जिनिंग करणारी, बियाणे तयार करणारी आणि केवळ हमीभाव खरेदी करणारी अशा तीन कंपन्या एकाच तालुक्यात असल्या, तरी त्यांचे ताळेबंद एकाच मापाने मोजता येत नाहीत.

## हे सुद्धा पहा

* ताळेबंद
* खेळते भांडवल
* द्विनोंदी लेखांकन
* सहकारी संस्था
* किमान आधारभूत किंमत
* परभणी जिल्हा